मुंग्यांसाठी आणलेलं मीठ

वैशाख लागला की आमच्या इंदापूरच्या घरात मुंगळे निघतात. ओट्याच्या कडेनं, गॅसच्या नळीवरून, थेट मोरीपर्यंत त्यांची रांग लागते. शेजारणी खडू मारतात, पावडर टाकतात. मी मोरीच्या उंबऱ्याशी एका बशीत पाणी ठेवते आणि आपल्या कामाला लागते. "शाळेत विज्ञान शिकवतेस की मुंग्यांची पाणपोई चालवतेस?" असं आमचे हे दरवर्षी विचारतात, आणि मी दरवर्षी हसून सोडून देते. बशीत फक्त पाणी असतं. मुंगळे येतात, मिशा बुडवतात, थोडं पितात आणि पुन्हा काहीतरी शोधत मोरीकडं वळतात. त्यांना काय हवंय ते मला पक्कं माहीत आहे. तेवढं मात्र मी देत नाही.

यंदा हे लिहायला बसले, कारण गेल्या मंगळवारी या घरात चिनीमातीची एक बरणी आली. तोंडाला फडकं, फडक्यावर काळ्या लोकरीची दोरी. ती आत्ता आईच्या मांडीवर आहे. आई दाराकडं तोंड करून बसली आहे आणि माझ्याशी बोलत नाही. बरणीचं मग सांगते. आधी तो उन्हाळा सांगायला हवा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि लोणी भापकरहून रोज एसटीनं जायचे. तात्यांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या वर्षी माघापासूनच पायांवर सूज होती. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. तात्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. मोरगावच्या माळापासून पार भीमेच्या काठापर्यंत त्यांनी पायी वाटा तुडवल्या होत्या. नंतर कळप विकला, थोड्या जिरायतीत ज्वारी-बाजरी करायला लागले. पण पाय चालायचेच. तेच पाय सुजले तेव्हा ते स्वतःच्या पायांकडं असं बघायचे की जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, किडन्या दमल्यात. मीठ बंद, पाणी दिवसाला एक तांब्या, त्याच्यावर घोट नाही.

आईनं ते ऐकलं आणि घरी आल्या आल्या सगळ्या घराचं मीठ बंद केलं. तिचं म्हणणं सरळ होतं. "एकाच्या ताटात अळणी आन दुसऱ्याच्या ताटात चवीचं, असं ह्या घरात व्हायचं न्हाय." मिठाची बरणी भरलेली होती. मीठ टाकून तर देता येत नाही, पाप लागतं. मग तिनं बरणीच्या तोंडाला फडकं लावलं, तात्यांनी स्वतः कातलेल्या काळ्या लोकरीच्या दोरीनं आवळलं आणि वर गाठ मारली. ती गाठ तिला तात्यांनीच लग्नानंतर शिकवली होती. कोकराच्या गळ्यात बांधायची गाठ, कितीही ओढलं तरी गळा आवळत नाही आणि आपोआप सुटतही नाही. आमच्या गावात ती तशी आईच मारायची. बरणी तिनं शेजारी शेवंताकाकूंकडं नेऊन ठेवली. "बरं वाटलं की घिऊन जाईन," म्हणाली.

अळणी खाऊन बघितलंय कुणी, महिनाभर? पिठलं नुसतं पिवळं लागतं. भाकरी घशात फिरते. मी तरुण होते, चिडायचे, आणि अधूनमधून काकूंच्या ओट्यावर बसून चोरून ठेचा-भाकरी खायचे. काकू वाढताना म्हणायच्या, "भावजींनी तरी किती जीव मारायचा गं? एखादा खडा जिभंवर ठिवला तर काय आभाळ पडतंय?" काकूंच्या मनात माया होती आणि तोंडाला कुलूप नव्हतं. हेच वाक्य त्यांनी आईसमोरही दोन-तीनदा म्हटलं होतं.

तात्या तक्रार करत नव्हते. त्याचाच मला त्रास व्हायचा. एकदा दुपारी मी खोलीत शिरले तर ते भिंतीला टेकून बसले होते आणि स्वतःचं मनगट चाटत होते. मला बघून त्यांनी हात सदऱ्याला पुसला आणि विचारलं, "आज ऊन लई हाय का गं भाईर?"

माझ्या मुंग्या त्याच दिवसांत घरात आल्या. कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचं होतं, एखाद्या कीटकाचा आहार असा विषय. दुकानदाराकडून गोळ्यांची मोठी काचेची बरणी मागून आणली, तिच्यात बांधावरची माती भरली आणि बाभळीच्या बुंध्यातले काळे मुंगळे राणीसकट काढून त्यात सोडले. त्यासाठी दोन दिवस बोटं चावून घेतली. पाण्यानं भरलेल्या परीक्षानळीला कापसाचा बोळा लावून ती आडवी ठेवली, म्हणजे बोळा ओला राहतो आणि मुंग्या बुडत नाहीत. खायला साखरेचं पाणी. तोंडाला मलमल. बरणी खिडकीत ठेवली आणि खिडकीशी तात्यांची वाकळ होती.

ज्या माणसाला उठून ओट्यापर्यंत जायला धाप लागते, त्याला बघायला काहीतरी लागतं. तात्या दिवसभर त्या काचेला डोळे लावून बसायचे. मी कॉलेजातून आले की सांगायचे, "तुझा कळप सकाळी डाव्या अंगाला हुता. दुपारच्याला खाली गेला. दोन मेली, ती त्यांनी उचलून कोपऱ्यात ठिवली." मुंग्यांना ते कायम कळपच म्हणायचे. माझ्या प्रोजेक्टच्या वहीतल्या निम्म्या नोंदी त्यांच्या डोळ्यांच्या आहेत. वहीत त्यांचं नाव कुठं नाही.

दोनेक आठवड्यांनी मुंग्या मंदावल्या. साखरेच्या बोळ्याकडं फिरकेनात. कोपऱ्यातला मेलेल्यांचा ढीग वाढला. मी मलमल सोडून हात आत घातला की मात्र धावत मनगटावर चढायच्या आणि घाम चाटत बसायच्या. मला वाटलं, चावायला येतात.

"चावत न्हाईत," तात्या म्हणाले. "मीठ मागत्यात."

"पुस्तकात साखरपाणी लिहिलंय, तात्या."

"त्ये पुस्तक लिवणाऱ्यानं कंदी मेंढरं वळली न्हाईत. मेंढरू भित चाटाय लागलं की काय समजायचं? काटेवाडीकडं कालव्याखालच्या रानात मीठ फुटायचं, पांढरंफेक. मेंढरं तितनं हालायची न्हाईत, हिरवं गवत सोडून माती चाटायची. आन बसवलेल्या कळपाच्या जागंवर सकाळी मुंगळं जमायचं, मुतलेल्या जागंवर. कशापायी? पाण्यापायी म्हणशील तर पाट शेजारीच वाहतोय."

त्यांचं बरोबर होतं. पुढं शिकवताना मी हे शंभर वेळा सांगितलंय. रानातल्या मुंगीला मेलेल्या किड्यांतून, घामातून, मुतातून मीठ मिळतं. बरणीत कोंडून नुसती साखर दिली तर पोट भरतं, पण जीव धरत नाही. समुद्रापासून लांब, आमच्यासारख्या मुलखात तर त्यांना त्याची जास्तच ओढ. मुलं वहीत उतरवून घेतात.

"खडंमीठ आण," तात्या म्हणाले. "बारीक नगं. आन आयला सांगू नगं. तिला वाटंल मलाच आणलंय."

मी हसले होते.

बारामतीच्या बाजारातून मुठीएवढं खडेमीठ आणलं. फोटो स्टुडिओतून कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी मिळवली, तिच्यात थोडं भरलं, उरलेलं कॉलेजच्या पिशवीत तळाला ठेवलं. डबी खिडकीत पुस्तकांच्या मागं. महिन्यानंतर त्या घरात मीठ आलं ते असं, मुंग्यांच्या नावानं, आईच्या पाठीमागं. अर्धा पेला पाण्यात एक खडा विरघळवून दुसरा बोळा भिजवला आणि साखरेच्या बोळ्याशेजारी ठेवला. थोड्या वेळानं एक मुंगी आली. मिशा लावल्या. परत गेली. मग एकामागून एक येत गेल्या, आणि बोळा काळा दिसायला लागला. तात्या पालथे झोपून, हनुवटी हातावर टेकवून बघत होते.

"पीत्यात," ते हळूच म्हणाले. "बघ कशी पीत्यात."

मी मुंग्यांकडं बघत होते.

मग आम्ही दोघांनी मिळून ते सगळं नीट लावलं. दोन खडे टाकले तर त्या तोंड लावून मागं सरतात. एक खडा बरोबर. तोही एक दिवसाआड. आणि साध्या पाण्याची नळी कधीच कोरडी पडू द्यायची नाही. हे शेवटचं तात्यांनी मला बजावून सांगितलं. "मीठ दिल्यावर पाणी लागतंच. मीठ देऊन पाणी तोडलं तर जनावर जातंय." एका तांब्यात दिवस काढणारा माणूस हे सांगत होता, आणि मी वहीत लिहून घेत होते. मुंग्या पुन्हा चालत्या झाल्या. राणीनं अंडी घातली. तात्या त्या दहा-बारा दिवसांत खुशीत होते, चेहऱ्यावर तरतरी होती. आईसुद्धा म्हणाली, पोरीच्या मुंग्यांनी तुमास्नी बरा चाळा लावला.

परीक्षेची प्रॅक्टिकल लागली तेव्हा मी दोन दिवस बारामतीला मैत्रिणीकडं राहिले. निघताना तात्यांना सांगितलं, साध्या पाण्याची नळी रोज भरायची, मिठाचा बोळा एकदाच. "जा तू," ते म्हणाले. "कळप सोडून मी कुठं जातोय."

तिसऱ्या दिवशी दुपारी एसटीतून उतरले तर फाट्यावर शेवंताकाकू उभ्या. डोक्यावर पदर धड नव्हता. "तात्यास्नी सकाळी जीपमधनं बारामतीला नेलंय गं. शास घेता येईना. राती सगळा माठ रिता केला म्हणं." मी जिथून आले तिथंच ते गेले होते. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून मी पिशवी ठेवायला घरी गेले. खिडकीत बरणी होती. साध्या पाण्याची नळी भरलेली होती. मिठाचा बोळाही ओला होता. तशा अवस्थेत, दम लागलेला असताना, त्यांनी सकाळी नळी भरली होती आणि बोळा भिजवला होता. मग मी पुस्तकांच्या मागं हात घातला आणि काळी डबी उघडली. डबी रिकामी होती. मी ती पिशवीत टाकली आणि गाडी धरली.

दवाखान्यात पोचले तोवर सगळं संपलं होतं. छातीत पाणी भरलं, असं डॉक्टर म्हणाले. आई बाहेर बाकावर बसली होती. तिच्या हातात तात्यांची बंडी होती, आणि उघड्या तळव्यावर बंडीच्या खिशातून निघालेले मिठाचे चार-पाच खडे.

"हे कुणी दिलं त्यास्नी?" तिनं मला विचारलं.

मी तोंड उघडलं. आई माझ्याकडं बघत नव्हतीच, ती खड्यांकडं बघत होती. "शेवंतीनं," ती म्हणाली. "तिच्याबिगर कोण देणार? बरणी तिच्याकडंच हाय." आणि मी ते तिथंच सोडून दिलं.

तिसऱ्या दिवसाचं झाल्यावर आई काकूंच्या दारात गेली. मी दोन पावलं मागं होते. "माझी बरणी फोडलीस शेवंते. माझं कुकू पुसलंस." आळीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या. काकू म्हणाल्या, "आक्का, बरणीला माझा हात लागला न्हाय. आत ये, डोळ्यांनी बघ." आई म्हणाली, "तुझ्या घरची पायरी मी मरंस्तवर चढायची न्हाय." काकूंनी मग आईच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. त्यांच्याकडं मी कितीदा जेवले होते. त्यांना काही ठाऊक असेल असं मला वाटत नाही, त्या फक्त आधाराला बघत होत्या, की ही शिकलेली पोरगी तरी म्हणेल, आई, आत जाऊन बघ तरी. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी राहिले. आईला मी घरी घेऊन आले.

मुंग्यांची आठवण मला दहाव्यानंतर झाली. साध्या पाण्याची नळी कोरडी ठक्क होती आणि सगळा कळप त्या कापसाभोवती गोळा होऊन मेला होता. मिठाच्या बोळ्यावर पांढरी पापडी धरली होती. तिकडं एकही मुंगी नव्हती. हेही निरीक्षण मी वहीत लिहिलं. सरांनी प्रोजेक्टचं कौतुक केलं, वर्गात वाचून दाखवलं. त्या वहीसाठी शाबासकी घेताना मला कसं उभं राहता आलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता जे सांगते ते कुणालाच सांगितलेलं नाही. डबी उतरत होती, हे मला दिसलं होतं. एक दिवसाआड एक खडा, एवढ्यानं ती महिनाभर पुरायला हवी होती. आठवड्यात ती तळाला गेली. मी ती पिशवीतल्या मिठानं पुन्हा भरली आणि तात्यांना काही विचारलं नाही. खडे विरघळत असतील, ओलीनं बसलं असेल, असं काहीबाही स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला विचारायचंच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती आणि ती जावी असं मला वाटत नव्हतं. एक डॉक्टर ओळखीचे झाले नंतर, त्यांना मी दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून सांगून विचारलं. ते म्हणाले, अशी माणसं तसाही पावसाळा बघत नाहीत. त्यानं मला काडीचाही आराम पडला नाही.

तात्यांनी मीठ मुंग्यांसाठी मागितलं की स्वतःसाठी? वर्षानुवर्षं मी हे उलटसुलट करून पाहिलंय. मुंग्यांना ते हवं होतं, हे खोटं नाही. त्यांनाही हवं होतं. बहुतेक त्यांना दोन्हीत फरकच वाटत नसावा, एका खिडकीत कोंडलेले दोघं. पण या विचारात एक चलाखी आहे आणि ती मला कळते. तात्यांचा विचार करत बसलं की काकूंचा करावा लागत नाही. मीठ मी अर्धवट कळत दिलं. गप्प मात्र मी पुरतं कळून बसले. पेपर होऊ देत मग सांगू, निकाल लागू दे मग सांगू, आई सावरू दे, माझं लग्न होऊ दे. इकडं गावात काकूंकडं मीठ मागायला कुणी जाईना. हळदीकुंकवाला बायका त्यांच्याकडं बघून कुजबुजायच्या. आई माझ्याबरोबर इंदापूरला आली तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. आई समोरून निघून गेली, तिच्या मागून मी. गेल्या दिवाळीनंतर काकू वारल्या. आम्ही दोघीही गेलो नाही.

मंगळवारी त्यांची सून आली, सुमन. हातात पिशवी, पिशवीत बरणी. आईच्या समोर ठेवून म्हणाली, "आत्याबाईंनी सांगून ठिवलं हुतं. ही आक्काची ठेव हाय, न उघडता माघारी द्यायची." चहा घेतला, आणि निघाली. मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, "जुनं घर परवाच पाडलं. आता जागा सपाट हाय. स्लॅबचं बांधतोय. म्हणून ज्याचं त्याला देत फिरतीया."

आत आले तर आईनं बरणी मांडीवर घेतली होती. तिला आता नीट दिसत नाही. ती बोटांनी दोरी चाचपत होती. गाठीपाशी बोटं थांबायची, पुढं जायची, पुन्हा गाठीपाशी यायची. किती वेळ ते चाललं होतं कोण जाणे.

"कमल," ती म्हणाली. "ही माझीच गाठ हाय. ही सुटलेलीच न्हाय."

मी दारात उभी.

"मग त्यांच्या खिशात मीठ कुठलं?"

"मुंग्यांचं," मी म्हणाले.

"कंच्या मुंग्या?" तिला त्या मुंग्या आठवतच नव्हत्या. मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. मनगट, खडेमीठ, काळी डबी, ती पुन्हा भरली ते. आई ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती तात्यांबद्दल काही विचारेल.

"शेवंतीला सांगितलंस का?" एवढंच तिनं विचारलं.

"नाही."

त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट पुढं सरकवलं की जेवते. बरणी मांडीवरून हलवू देत नाही. काल संध्याकाळी मोरीतले मुंगळे रांग धरून तिच्यापर्यंत आले, बरणीवर चढले, फडक्याभोवती फिरत राहिले. आईनं त्यांना झटकलं नाही. मग दाराकडं बघतच म्हणाली, "मला लोणीला ने."

"आता तिथं कोण आहे, आई?"

"कुणी नसंना का. तिची पायरी तर हाय. ती चढायची हाय मला."

जागा सपाट आहे, हे तिला माहीत नाही. सांगायला मी तोंड उघडलं, दवाखान्यातल्या त्या बाकासमोर उघडलं होतं तसंच.

रविवारी जाऊ, असं मी तिला सांगितलं. आज शनिवार आहे.